शुश्रूषा : एका विद्येची उपेक्षा

महाराष्ट्र शासनाची वृद्धांसाठी एक निवृत्तिवेतन योजना आहे. तिचे पूर्ण नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना'. ६५ वर्षांवरील निराधार स्त्री-पुरुषांना या योजनेतून दरमहा काही रक्कम मिळते. २०२३ पासून ती १५०० रुपये आहे. रकमेविषयी पुढे बोलू. तूर्त आमचे लक्ष नावाकडे आहे. शासनाला वृद्धांसाठी काही करायचे होते, तेव्हा त्याला आदर्श म्हणून आठवला तो एक मुलगा. ज्यांना मुलगा नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, त्यांचा आम्ही मुलगा होऊ, असे शासन या नावातून सांगते. भावना उदात्त आहे. पण आमच्या मते वार्धक्याविषयीच्या आपल्या साऱ्या विचाराची अडचण नेमकी याच नावात दडलेली आहे.

श्रावणबाळाची कथा आपण कावडीपाशी थांबवतो. दोन परड्या, त्यांत बसलेले आंधळे आईबाप आणि मध्ये खांदा दिलेला मुलगा, एवढे चित्र पुरेसे होते. कथा मात्र पुढे जाते. वाल्मीकि रामायणात ती अयोध्याकांडात येते आणि सांगणारा स्वतःच मरणाच्या दारात टेकलेला एक वृद्ध आहे. रामाच्या वनवासाची सहावी रात्र आहे आणि दशरथ कौसल्येला आपले जुने पाप सांगत आहे. तेथे त्या मुलाला नावही नाही आणि त्याच्या खांद्यावर कावडही नाही. ती पुढच्या परंपरेची देणगी. आहे तो शरयूच्या काठी घडा भरणारा एक तरुण. त्या घड्याचा आवाज ऐकून दशरथाला हत्ती पाणी पीत असल्याचा भास होतो आणि तो शब्दवेधी बाण सोडतो. मुलगा मरतो. पाण्याची वाट पाहणारे आईबाप त्याच्यामागून मरतात.

या कथेचा बोध मातृपितृभक्ती असा आपण सांगत आलो. आम्हांला तिच्यातून आणखी एक गोष्ट ऐकू येते. दोन परावलंबी जिवांची सारी व्यवस्था एकाच माणसावर सोपवली, की तो माणूस पडताच ती व्यवस्था कोसळते. त्या म्हाताऱ्यांची तातडीची गरज साधी होती, पाणी. ते आणणारे दुसरे कोणी नव्हते. श्रावणबाळ चांगला होता की नव्हता, हा प्रश्नच तेथे उरत नाही. आपण मात्र आजही एवढेच विचारतो की मुलगा चांगला निघाला का. मुलगा चांगला निघूनही म्हाताऱ्यांचे काय होते, हा प्रश्न आपल्या बोलण्यात क्वचितच येतो.

आपली भाषाही या बाबतीत फारशी मदत करत नाही. कोणत्याही रुग्णालयाच्या वॉर्डात तासभर उभे राहून कोण कोणाला काय म्हणते ते ऐकावे. परिचारिका 'सिस्टर' असते, पुरुष परिचारक 'ब्रदर', बेडपॅन देणारी 'मावशी', स्ट्रेचर ढकलणारा 'मामा'. डॉक्टरांना 'डॉक्टरकाका' म्हणतात ती लहान मुले. मोठी माणसे 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. म्हणजे जेथे विद्या आहे असे आपण मानतो तेथे पदवी लावतो आणि जेथे केवळ माया आहे असे मानतो तेथे नाते लावतो. नाते लावण्यात जिव्हाळा असतो, हे आम्हांला मान्य आहे. परंतु नात्यात पगाराची घासाघीस करता येते, रजा नाकारता येते आणि 'मावशीला काय शिकायचे असते?' असेही म्हणता येते. शासनदरबारी 'अधिपरिचारिका' असा भारदस्त शब्द आहे. तो नेमणुकीच्या आदेशाबाहेर फारसा पडत नाही.

मराठीत या कामासाठी एक अतिशय सुंदर शब्द आहे, शुश्रूषा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याची घडण माहीत असावी. 'ज्ञा' धातूपासून जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, 'पा' धातूपासून पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, तशी 'श्रु' धातूपासून शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. मूळ अर्थ एवढाच आहे. पुढे त्याचा प्रवास झाला तो मात्र उतरणीचा. ऐकण्याची इच्छा म्हणजे आज्ञा ऐकण्याची इच्छा, म्हणजे आज्ञापालन, म्हणजे सेवा. मनुस्मृतीने इतर वर्णांची शुश्रूषा हेच शूद्राचे एकमेव कर्म ठरवले आणि धर्मशास्त्राने पतीची शुश्रूषा हे पत्नीचे. जी क्रिया श्रेष्ठ श्रोत्याची होती ती कनिष्ठाची चाकरी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विधवांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची खटपट केली, तेव्हा परक्या देहाला हात लावणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, अशीच समाजाची समजूत होती. आजही वृद्धांच्या अंथरुणाशी पगारावर काम करणाऱ्या स्त्रिया कोणत्या वस्त्यांतून येतात, हे पाहण्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज नाही.

येथे एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांला त्या चुकीतूनच मिळाला. काही वर्षांपूर्वी आमची ८२ वर्षांची आत्या न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. घरी आणल्यावर आम्ही तिची सेवा मनापासून केली. तिला आवडणारी पुस्तके रोज वाचून दाखवली. दहाव्या दिवशी ब्युरोमार्फत एक बाई कामाला आल्या. त्यांनी चादर उचलली, माकडहाडाजवळ पाहिले आणि शांतपणे विचारले, "सर, आजींना शेवटचं कुशीवर कधी वळवलं होतं?" आम्हांला उत्तर देता आले नाही. तिला दुखू नये म्हणून आम्ही तिला हलवतच नव्हतो. पाठीखालची कातडी काळवंडून फाटली होती. दहा दिवस आम्ही तिला वाचून दाखवत होतो. तिच्या देहाचे ऐकत मात्र नव्हतो.

त्या बाईंनी भिंतीवर एक कागद चिकटवला आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याची वेळ लिहायला लावली. पुढे एका संध्याकाळी आत्या असंबद्ध बोलू लागली. बैल सोडले का, विहिरीवर कोण गेले आहे, असे विचारू लागली. आम्ही समजलो की वय झाले, स्मृती गेली. बाईंनी मात्र लघवी कधी झाली, तिचा रंग कसा होता, दिवसभरात पाणी किती प्यायली, हे विचारले आणि डॉक्टरांना बोलावण्याचा आग्रह धरला. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत आत्या पूर्ववत बोलू लागली. तिनेच मग सांगितले, की बेडपॅन मागण्याचा संकोच वाटतो म्हणून ती पाणीच पीत नव्हती. या बाई आमच्याहून वीसएक वर्षांनी लहान होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत होतो.

त्यांना जे ठाऊक होते ते अंतःप्रेरणेने आलेले नव्हते. ते शिकलेले होते आणि त्या शिक्षणाला इतिहास आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या पुस्तकातच शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाकडे नव्हे, शुश्रूषेकडे जातो असे बजावले होते. तरीही पुढची शंभर वर्षे कातडीवर मलमे आणि स्पिरिट चोळण्याची रीत चालू राहिली. १९६२ साली डोरीन नॉर्टन या इंग्लिश परिचारिकेने दोन सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मलमांपेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलणे अधिक उपयोगी, हे त्यातून पुढे आले. रुग्णाची शारीरिक स्थिती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना गुण देऊन कोणाला जखम होण्याचा धोका अधिक आहे हे आधीच ओळखण्याची मोजपट्टीही त्यांनी दिली. एका परिचारिकेने वर्षानुवर्षे अंथरुणाशी उभे राहून, पाहून, नोंदी करून हे ज्ञान मिळवले. याला विद्या म्हणायचे नाही तर कशाला?

ही विद्या वेगळी का, तेही समजून घेतले पाहिजे. वृद्धाचा देह तरुणाच्या देहाची केवळ झिजलेली आवृत्ती नसतो. त्याची बोलण्याची रीतच वेगळी असते. न्यूमोनिया असूनही ताप येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखत नाही, नुसता थकवा येतो. संसर्ग गोंधळलेल्या बोलण्यातून प्रकट होतो. तहानेची जाणीवच मंदावते. चार डॉक्टरांची आठ औषधे एकमेकांत मिसळतात, त्यातून चक्कर येते आणि त्या चकरेवर नववे औषध दिले जाते. जेवण टाकलेले असते ते रुचत नाही म्हणून नव्हे, तर कवळी टोचते म्हणून. अशा रुग्णाकडे पाच मिनिटे पाहणाऱ्या डॉक्टरला जे दिसत नाही ते आठ तास जवळ असणाऱ्या परिचारिकेला दिसते, मात्र तिला पाहायला शिकवलेले असेल तरच. अमेरिकेतील परिचारिकांच्या संघटनेने १९६६ साली या शाखेसाठी स्वतंत्र विभाग केला आणि १९७६ साली तिचे नाव 'जेरिअ‍ॅट्रिक' ऐवजी 'जेरोन्टॉलॉजिकल' असे बदलले. पहिला शब्द वृद्धांच्या आजारांशी बांधलेला. दुसरा वार्धक्याला, म्हणजे वृद्ध होत जाण्याच्या साऱ्या अनुभवाला कवेत घेणारा. आम्ही शब्दांची माणसे या बदलाचे मोल जाणतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय साऱ्या मराठवाड्यात 'घाटी' या नावानेच ओळखले जाते. मराठवाड्याबरोबरच बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगरकडूनही रुग्ण येथे येतात. आपल्या शहराने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट म्हणजे या महाविद्यालयात वार्धक्यातील आजारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षणही येथे मिळते. महाराष्ट्रात अशा जागा फार थोड्या आहेत. आम्ही किती तरी साहित्यप्रेमींना विचारले. बहुतेकांना याची वार्ता नव्हती. शहरातल्या साहित्य संमेलनांच्या तारखा मात्र सर्वांना पाठ होत्या.

डॉक्टर घडवण्याची सोय झाली, तशी परिचारिका घडवण्याची सोयही कागदावर आहे. वृद्धांच्या शुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखून ठेवला. २०१० साली सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेट, असे सारे लिहिलेले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची चर्चा होते ती मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाह रकमेपुरती. त्याच कायद्याचे विसावे कलम वृद्धांसाठी रुग्णालयात खाटा, स्वतंत्र रांगा आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचाराचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली राखीव सुविधा यांविषयी बोलते, हे कोणी सांगत नाही. २०२० साली लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापण्याचा ठराव केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे मोठे स्वागत केले. आम्हांलाही त्यात वावगे दिसत नाही. पण कापलेली रक्कम म्हाताऱ्याच्या खात्यात जमा झाल्यावर त्याची कूस कोण बदलणार, हे ठरावात नसते.

मराठवाड्यात हा प्रश्न भावनिक नाही, तो वेळापत्रकाचा आहे. बीड-जालन्याकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे, नातवंडे आणि जनावरे. ती मुले दुष्ट नसतात. ती कोयता घेऊन बाहेर पडली नाहीत तर घर चालत नाही. वाळूजच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा मुलगा आईला गावाहून दोन खोल्यांत आणतो आणि तिला दिवसभर कुलपाच्या आत ठेवतो, कारण ती वाट चुकते. सिडकोतल्या बंगल्यातले आजी-आजोबा परदेशातल्या मुलाशी रोज पडद्यावर बोलतात. पडद्यावर मुलाला त्यांचे सुजलेले पाय दिसत नाहीत. अनेक वर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात, वैशाखातल्या उन्हात, मोजून मापून पाणी पिणाऱ्या वृद्धांचा तर विचारच नको. तीन घरे, तीन आर्थिक थर, आणि उणीव एकच : जवळ बसून पाहणारे, ऐकणारे, शिकलेले माणूस. २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळू लागले. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी परतल्यानंतरच्या शुश्रूषेची तरतूद त्यात नाही, आणि म्हातारपण मुख्यतः घरीच घडते. श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांत बारा तासांची बाई महिन्यात किती दिवस येईल, हा हिशेब वाचकांनी आपापल्या घरी करून पाहावा.

यात साहित्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते फार जवळचा आहे. मराठी मनाने वार्धक्याचे जे चित्र डोळ्यांपुढे धरले आहे ते साहित्याने दिलेले आहे. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. शिरवाडकरांनी लिअरची सावली मराठी घरावर पाडली आणि गणपतराव बेलवलकरांच्या रूपाने अपमानित पित्याची एक प्रतिमा कायमची कोरली. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'ने मुलांवाचून रित्या झालेल्या घराची दुसरी प्रतिमा दिली. दोन्ही नाटके मोठी आहेत आणि आम्ही ती वर्षानुवर्षे डोळे पाणावत शिकवली आहेत. परंतु दोन्हींत वार्धक्य म्हणजे मुलांनी दिलेले दुःख आहे. देह तेथे जवळजवळ नाहीच. तेथे अंथरूण ओले होत नाही, घास घशात अडकत नाही, पायपुसण्यावरून पाय घसरत नाही. म्हणून तेथे शुश्रूषा करणारे पात्रही केंद्रस्थानी येत नाही. प्रेक्षक नाट्यगृहातून बाहेर पडताना 'मी माझ्या बापाला असे वागवणार नाही' अशी प्रतिज्ञा करतो. कसे वागवायचे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

याच सुमारास, १९७२ साली, जपानमध्ये सावाको आरियोशी यांची 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी आली. इंग्रजीत ती 'द ट्वायलाइट इयर्स' या नावाने आहे. तिचा केंद्रबिंदू अपमानित सासरा नाही. नोकरी सांभाळून त्या स्मृती हरवलेल्या सासऱ्याचे सारे करणारी सून आहे. त्याला न्हाऊ घालणे, तो घराबाहेर गेला की त्याच्यामागे धावणे, रात्री उठून त्याला लघवीला नेणे, यांतूनच ती कादंबरी घडते. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि वृद्धांना कोणी सांभाळायचे हा घरातला प्रश्न जपानमध्ये चव्हाट्यावर आला. २००० साली त्या देशाने चाळिशीपासून प्रत्येकाकडून हप्ता घेऊन दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. कादंबरीने कायदा केला, असा भोळा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या समाजाने तो प्रश्न कथेत पाहिला होता त्याला तो धोरणात मांडणे सोपे गेले असावे, एवढे नक्की म्हणता येईल.

मराठीत या दिशेचे एक पाऊल आम्हांला दिसते ते पुस्तकात नव्हे, पडद्यावर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या 'अस्तु' या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेला संस्कृतचा प्राध्यापक एका हत्तीमागे चालत जातो आणि माहुताची बायको त्याला लेकरासारखे सांभाळते. संस्कृतच्या पंडिताची शुश्रूषा, अगदी धात्वर्थाने, एक परकी गरीब स्त्री करते. दशरथानेही हत्तीचा आवाज ऐकला होता, पण त्याचे ऐकणे वेध घेण्यासाठी होते. त्या स्त्रीचे ऐकणे समोरच्या माणसाला काय हवे आहे एवढेच जाणण्यासाठी आहे. मात्र येथेही ती मायाच आहे, विद्या नाही. आणि मायेवर धोरण उभारता येत नाही.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. शुश्रूषेला विद्या आणि व्यवसाय म्हटले की कुटुंब हात झटकेल, म्हातारे पगारी माणसांच्या हवाली होतील, असे अनेक ज्येष्ठांनाच वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. त्या बाई घरात आल्यावर आमचे आत्याशी नाते तुटले नाही, ते सुधारले. भीती गेली. काय करायचे ते कळल्यामुळे हात लावायचे धैर्य आले. प्रेम होतेच, त्याला ज्ञानाची जोड मिळाली. प्रेमाने जखम टळत नाही, कूस बदलल्याने टळते. आणि ज्या घरात कूस बदलायला कोणी नाही तेथे शासनाने मुलाचे नाव धारण करून रक्कम पाठवण्याऐवजी परिचारिका पाठवली पाहिजे, तिला त्या कामाचे शिक्षण आणि त्या शिक्षणाला साजेसा पगार दिला पाहिजे. आमची मागणी एवढीच आहे.

साहित्याच्या शिक्षकांनी काय करावे? 'नटसम्राट' शिकवणे थांबवावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण ते शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना एक साधे काम द्यावे. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्धाजवळ तास-दोन तास बसावे, प्रश्न कमी विचारावेत आणि ऐकलेले लिहून आणावे. आणि त्या वृद्धाचे करणारे जे कोणी असेल, सून, मुलगी, ब्युरोची बाई, तिचेही लिहून आणावे. आमच्या एका वर्गात हे करून पाहिले. बहुतेकांनी पहिल्या ओळीत वृद्धाचे नाव लिहिले होते. करणाऱ्या बाईचे नाव विचारण्याचे निम्म्या मुलांना सुचलेच नव्हते. आत्याजवळ बसलेल्या त्या बाईंचे पूर्ण नाव आम्हीही तिसऱ्या महिन्यात विचारले होते, तेही पगाराची पावती करायची होती म्हणून.